मास्क घ्यायचा तर आधी आडवे व्हा!

स्लीप अ‍ॅप्नियाचं निदान झालं की डॉक्टर बहुधा दोन गोष्टी सांगतात. रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन लावा, आणि शक्यतो उताणे झोपू नका. दोन्ही सल्ले सोळा आणे खरे. पण पहिल्याच रात्री लक्षात येतं की या दोघांचं आपसात पटत नाही. कुशीवर वळलं की उशी मास्कला ढकलते, मास्क नाकावरून सरकतो, फटीतून सुटलेली हवा थेट डोळ्यात जाते आणि नळी मानेखाली अडकते. पहाटेपर्यंत मास्क उशाशी पडलेला असतो आणि घोरणं पुन्हा सुरू झालेलं असतं.

यात झोपणाऱ्याचा काहीच दोष नाही. मास्क निवडला जातो खुर्चीत बसून आणि वापरला जातो आडवं पडून, खरी गोम इथे आहे. कुशीवर झोपणाऱ्या तमाम मंडळींसाठी मास्कच्या दुनियेतल्या या काही भन्नाट आणि कामाच्या गोष्टी.

स्ट्रॉने फुंकण्याइतका दाब

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काही जणांच्या बाबतीत ते इतके सैलावतात की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, तर तो एक अ‍ॅप्निया. तासाला असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम, आणि ३० च्या वर गेले तर तीव्र. सीपॅप मशीन नळीतून सतत हवा देतं आणि त्या हवेच्या दाबाने घसा मिटत नाही. बस, एवढंच त्याचं काम.

हा दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. बहुतेक मशीन ४ ते २० च्या दरम्यान चालतात. आता १० चा दाब म्हणजे किती? उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच. आपल्या भोवतीच्या वातावरणाचा दाब याच मापात हजाराच्या थोडा वर भरतो. म्हणजे हिशेब जेमतेम एक टक्क्याचा!

एवढ्याशा दाबाला अडवायला मास्क करकचून आवळावा लागत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोज रात्री नाकाला गोंद

१९८० साल, जून महिना, ऑस्ट्रेलियातलं सिडनी. डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर तीव्र अ‍ॅप्नियाचा एक रुग्ण होता. त्या काळी या आजारावर खात्रीचा एकच इलाज होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची नवी वाट करायची, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी. रुग्णाने शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. पण नाकातून दाबाने हवा देऊन बघण्याचा प्रयोग एका रात्रीपुरता करायला तो तयार झाला. हवा सोडायला डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली. त्या रात्री तो माणूस श्वास न अडकता गाढ झोपला. एप्रिल १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव छापून आला आणि झोपेच्या वैद्यकशास्त्राला नवी दिशा मिळाली.

मास्क मात्र अंगावर काटा आणणारा होता. आधी रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा. त्यावरून फायबरग्लासचा मास्क घडवायचा. आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने चेहऱ्याला चिकटवायचा! सकाळी सोलून काढायचा, रात्री पुन्हा गोंद. तरीही लोक हे आनंदाने करत होते. अ‍ॅप्नियाने त्यांचे दिवस किती झाकोळून टाकले असतील, याची कल्पना यावरून येते. आजचा मास्क टोचतो म्हणून काढून ठेवावासा वाटतो, तेव्हा मला हे पहिले रुग्ण आठवतात. त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

बाजारात मिळणारं पहिलं सीपॅप मशीन १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रेस्पिरॉनिक्स कंपनीने आणलं. सलिव्हन यांच्या शोधावर उभी राहिलेली कंपनी म्हणजे आजची रेसमेड, ती १९८९ मधली. आणि मास्कमधलं तिसरं मोठं नाव, न्यूझीलंडची फिशर अँड पायकेल, मुळात फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी. श्वासाची हवा ओलसर करणाऱ्या यंत्राचा त्यांचा पहिला नमुना फळं टिकवून ठेवायच्या काचेच्या बरणीतून तयार झाला होता!

अंतराळात कुणी घोरत नाही (जवळजवळ)

उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग स्वतःच्याच वजनाने मागे, घशात ओढला जातो. कुशीवर झोपलं की हे वजन बाजूला जातं आणि वाट मोकळी राहते. अमेरिकेतल्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये याचा नीट अभ्यास मांडला. कुशीवरच्या तुलनेत उताणं झोपल्यावर अडथळे दुप्पट किंवा त्याहून जास्त होत असतील, तर तो अ‍ॅप्निया ‘पोझिशनल’ मानायचा, ही मोजपट्टी त्यांचीच. अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही, निम्म्याच्या आसपास भरते.

मग वजनच नसेल तर? याचंही उत्तर मिळालं आहे. १९९८ मधल्या दोन अंतराळ मोहिमांत पाच अंतराळवीरांची झोप मोजली गेली. पृथ्वीवरच्या तुलनेत श्वासाचे अडथळे निम्म्याहून जास्त घटले आणि घोरणं जवळपास नाहीसंच झालं. तिथे जीभ मागे ओढायला गुरुत्वाकर्षण नव्हतं.

पृथ्वीवर राहणाऱ्यांसाठी जुना तोडगा आहे तो टेनिस बॉलचा. सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवून त्यात बॉल ठेवायचा. उताणं झालं की टोचतो, माणूस आपोआप कुशीवर वळतो. उपाय स्वस्त आहे, पण वर्षानुवर्षं तो पाळणारे फार थोडे. पाठीत रोज रात्री गोळा कोण सहन करणार?

तशी कुशीवरची झोप आपल्या शरीराला आवडतेच. डेन्मार्कमधल्या कामगारांच्या अंगावर सेन्सर लावून घरच्या झोपेची नोंद घेतली, तेव्हा मोठी माणसं अंथरुणातला निम्म्याहून जास्त वेळ कुशीवरच असतात असं दिसलं. वामकुक्षीची सवय असलेल्यांना डावी कूस तर ओळखीचीच. आम्लपित्ताचा त्रास असेल तर डावी कूस जास्त बरी, कारण त्या बाजूला जठरातलं आम्ल अन्ननलिकेत कमी वेळ राहतं.

मुंबईचा आकडा

हा आजार परदेशातला, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर हे वाचा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्के लोकांत, आणि दिवसा पेंग येण्यासारख्या लक्षणांसह पुरता अ‍ॅप्निया ७.५ टक्के लोकांत! हे कुणी आजारी म्हणून आलेले नव्हते, चांगले हिंडते-फिरते लोक होते. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं आणि तो पहिल्यांदा घराघरांतल्या गप्पांत आला.

मास्कच्या जाती किती?

आता मुख्य मुद्दा. दुकानात गेलात तर ढीगभर नावं ऐकाल, पण कुशीवर झोपणाऱ्याने दोनच गोष्टी बघायच्या. चेहऱ्याचा किती भाग झाकला जातो, आणि नळी कुठून निघते.

सगळ्यात लहान तो नेझल पिलो. सिलिकॉनची दोन मऊ टोकं नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात, नाकाच्या हाडावर काहीच येत नाही. उशीला धडकायला फारसं काही नसतंच, म्हणून कुशीवर झोपणाऱ्यांची पहिली पसंती बहुतेकदा हाच. चष्मा लावून वाचत पडता येतं, हा बोनस. दाब फार जास्त असेल तर मात्र काहींना नाकपुड्या हुळहुळतात.

मग नाकाखाली पाळण्यासारखा बसणारा मास्क. पिलोसारखाच आटोपशीर, पण नाकपुड्यांत काही शिरत नाही. ज्यांना पिलोने नाक दुखतं त्यांनी हा जरूर बघावा.

पूर्ण नाक झाकणारा त्रिकोणी मास्क हा जुनाजाणता गडी. जास्त दाबालाही नेटाने टिकतो. पण त्याचा वरचा कोपरा नाकाच्या हाडावर बसतो, आणि कुशीवर वळल्यावर गळती सुरू होते ती नेमकी तिथूनच, डोळ्याच्या कोपऱ्यात.

नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क तोंडाने श्वास घेणाऱ्यांना दिला जातो. याच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शक्य असेल तिथे नाकाचाच मास्क निवडावा. मोठ्या मास्कची कड लांब, म्हणजे गळायला जागा जास्त. शिवाय पट्टे हनुवटीला मागे ओढतात, त्याने घसा आणखी अरुंद होऊ शकतो आणि दाब वाढवावा लागतो. पुष्कळ लोक तोंडाने श्वास घेतात ते नाक चोंदलेलं असतं म्हणून. आधी नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं झालं की लहान मास्कवर येता येतं. आणि नाक खरंच मोकळं राहत नसेल, तर फुल फेस मास्क बिनदिक्कत वापरा. त्यातही आता नाकाखाली बसणारे, हाडाला न टेकणारे प्रकार मिळतात.

आता नळी. जुन्या घडणीत ती नाकासमोरून निघते. कुशीवर वळलं की तिच्यावर उशी रेलते आणि अख्खा मास्क फिरतो. गेल्या दहा-एक वर्षांत आलेल्या ड्रीमवेअर, एअरफिट पी३०आय, एन३०आय अशा मास्कमध्ये नळी डोक्याच्या माथ्यावर जोडलेली असते. मास्कची चौकट पोकळ असते, तिच्यातूनच हवा दोन्ही गालांवरून खाली नाकाशी येते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की उजव्या कुशीवर झोपून उजवी बाजू दबली तरी डाव्या बाजूने पुरेशी हवा येतच राहते. कूस बदलली की वाटही बदलते. दाब बराच जास्त असणाऱ्यांनी मात्र आधी वापरून खात्री करावी.

काही जगावेगळे प्रकारही आहेत. स्लीपवीव्हर नावाचा मास्क चक्क कापडाचा असतो, हवा भरली की फुगतो आणि गालाला मऊ लागतो. आणि ब्लीप नावाच्या मास्कला पट्टेच नाहीत, नाकपुड्यांभोवती चिकटपट्टी लावायची आणि नळी जोडायची. १९८० चा गोंद परत आला, पण या वेळी त्वचेला सोसेल असा.

गादीवरची ट्रायल

माझे साताऱ्याचे मामा. पहिला मास्क दुकानात खुर्चीवर बसून लावून बघितला, अगदी फिट्ट बसला. घरी रात्री कुशीवर वळले की शिट्टी वाजायची. ते पट्टा आवळत गेले, शिट्टी वाढत गेली, गालांवर लाल वळ उठले. मामींनी शेवटी एका तंत्रज्ञ मुलीला घरीच बोलावलं.

तिने आधी मशीन सुरू केलं, रोजच्या दाबावर. मग मामांना त्यांच्याच पलंगावर, त्यांच्याच उशीवर उजव्या कुशीला झोपवलं. आणि पहिलं काम काय केलं असेल, तर दोन्ही खालचे पट्टे सैल केले.

“अगं, अजून सैल? पडेल की तो!”

“नाही पडणार, काका. जरा थांबा.”

तिने मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून किंचित उचलला आणि अलगद परत टेकवला. तेवढ्यात मला जवळून दिसलं. कुशनच्या कडेला सिलिकॉनची एक पातळ, जवळजवळ पारदर्शक पाकळी होती. आत्तापर्यंत ती चपटी होऊन गालाला चिकटली होती. हवा आत शिरताच ती फुगली, थरथरली आणि नाकाच्या बाजूच्या खोलगट भागात जाऊन बसली. शिट्टी बंद!

“आता डावीकडे वळा.” मामा वळले. पुन्हा बारीक फुसफूस. तिने वरचा पट्टा एक नख सरकवला, आवाज गेला. “आता तोंडाने आ करा, हसा, मान उशीत खुपसा.” सगळं करून झालं. मामी खोलीच्या दारातून म्हणाल्या, “अहो, एवढंच होतं होय!”

हो, एवढंच होतं. ही पातळ पाकळी हवेवर तरंगावी अशीच घडवलेली असते. पट्टा आवळला की ती चिरडते, तिला फुगायला जागाच उरत नाही आणि गळती वाढते. शिवाय आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते, बसून असताना जो चेहरा असतो तो झोपताना नसतो. म्हणून क्रम असा पाळावा: दाब चालू, आपली उशी, आपली कूस, आणि पट्टे सगळ्यात शेवटी. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं.

उशीही निवडावी लागते

जाड, टणक उशी मास्कला खालून ढकलते. सीपॅपच्या खास उशा मिळतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकार खाचा असतात, म्हणजे गाल उशीवर आणि मास्क हवेत. पण आपल्याकडची सावरीच्या कापसाची उशीही यात कमी नाही. तिच्यात बुक्की मारून खोलगा करता येतो, आणि तो बराच वेळ टिकतो. मुख्य म्हणजे चेहरा उशीच्या कडेशी ठेवायचा, मास्क आणि नळी कडेबाहेर. गुळगुळीत अभ्रा घातला तर पट्टे सरकतात पण मास्क ओढला जात नाही.

पट्टा गालाला रुतत असेल तर त्याला मऊ सुती कापडाचं आवरण शिवा. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या जुन्या लुगड्याइतकं चांगलं कापड या कामाला दुसरं नाही.

नथ, मिशी, खोबरेल

चमकी किंवा मोरणी मास्कच्या कडेखाली येत असेल तर रात्री काढून ठेवावी. हवा तिथूनच निसटते आणि त्वचेलाही टोचते. मिशी-दाढीवाल्यांना मोठ्या मास्कची कड नीट बसत नाही, त्यांचं नेझल पिलोशी चांगलं जमतं. दाढी ठेवायची आणि मास्कही वापरायचा, दोन्ही जमतं!

रात्री चेहऱ्याला कोल्ड क्रीम, केसांना भरपूर तेल ही आपल्याकडची लाडकी सवय. पण तेलाने मास्क घसरतो आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं. तेल सकाळी लावा. मास्कची कुशन रोज सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा कडक ऊन तिला मुळीच चालत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या गालावरची रेघ

जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांच्या गालांवर पट्ट्यांच्या लांब रेघा स्पष्ट दिसत होत्या. प्रश्न आले आणि व्हाइट हाउसने सांगून टाकलं की ते सीपॅप वापरतात. मला ही गोष्ट फार आवडते. जगातला इतका मोठा माणूस सकाळी त्याच खुणा घेऊन कामावर जातो, मग ऑफिसात कुणी विचारलं तर आपण का संकोचावं? खूण तासाभरात गेली तर काळजीचं कारण नाही. दुपारपर्यंत राहत असेल किंवा त्वचा लाल होऊन दुखत असेल, तर पट्टा घट्ट आहे किंवा मास्कचं माप चुकलं आहे.

वारा कुणाच्या तोंडावर?

प्रत्येक मास्कला बारीक छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यातूनच बाहेर जातो, मिनिटाला साधारण २० ते ४० लिटर हवेच्या ओघाबरोबर. ही गळती म्हणजे बिघाड नव्हे, ती हवीच. म्हणून कुशीवर झोपताना ही छिद्रं उशीत दाबली जाणार नाहीत आणि पांघरूण त्यांच्यावर येणार नाही, हे बघा. डोक्यावरून गोधडी ओढून झोपणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं.

समोरासमोर तोंड करून झोपलं तर हा वारा शेजारच्याच्या चेहऱ्यावर जातो. नव्या मास्कमध्ये छिद्रांवर जाळीसारखी रचना असते, हवा पसरून जाते, झोत लागत नाही. मास्क घेताना जोडीदाराला सोबत न्या. दोघांची झोप आहे ती.

वीज गेली तर?

कुणीही मशीन घेतलं की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच. गुदमरण्याची भीती वाटते, आणि ती साहजिक आहे. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं, तिथून श्वास घेता येतो. फुल फेस मास्कमध्ये एक छोटी झडप असते, दाब बंद झाला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. ही झडप साफ ठेवायची, तिच्यावर काही चिकटवायचं नाही. मशीन इन्व्हर्टरवरही चालतं. जास्त वीज खातो तो हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर, लोडशेडिंगच्या रात्री तो बंद ठेवला की बॅटरी बरीच पुरते.

चुंबकाची गोष्ट हलक्यात घेऊ नका

काही मास्कचे पट्टे चुंबकाने लागतात. अंधारात एका हाताने जोडता येतात, म्हणून लोकांना आवडतात. पण शरीरात पेसमेकर किंवा चुंबकाने बिघडू शकणारं दुसरं काही बसवलेलं असेल, तर हे मास्क धोक्याचे. २०२२ आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी तसे इशारे दिले, चुंबक आणि उपकरण यांत किमान १५ सेंटिमीटर अंतर हवं असं सांगितलं. आणि हा इशारा फक्त मास्क लावणाऱ्यापुरता नाही. शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असेल तरी लागू. आजी-आजोबा एका पलंगावर झोपतात अशा प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावं. बिनचुंबकाचे पट्टेही मिळतात, मागून घ्या.

मशीन एकाचं, मास्क दुसऱ्याचा

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नळीच्या तोंडाचं माप जगभर ठरलेलं आहे, २२ मिलिमीटर. त्यामुळे एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा मास्क बेलाशक लागतो. एअरमिनीसारखी काही प्रवासी मशीन याला अपवाद आहेत. नळीही बदलता येते, आतून १५ मिलिमीटरची बारीक नळी हलकी असते आणि कूस बदलताना कमी ओढते. ती लावली तर मशीनच्या सेटिंगमध्ये तशी नोंद करायला विसरू नका. नळी पलंगाच्या डोक्याकडून वरून आणली, भिंतीवरच्या खिळ्याला सैल अडकवली, की मानेखाली येत नाही.

शंख फुंका, डिजेरिडू वाजवा

मास्कपलीकडचे काही प्रयोगही गमतीचे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं डिजेरिडू नावाचं लांबलचक फुंकवाद्य आहे. स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅप्नियाच्या २५ रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला, नियमित वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. या संशोधनाला २०१७ मध्ये इग नोबेल मिळालं. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर शंखाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज किमान १५ मिनिटं शंख फुंकणाऱ्यांनाही फायदा दिसला. दोन्ही प्रयोग लहान आहेत. देवघरातला शंख जरूर फुंका, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मशीन सोडू नका.

सकाळी मशीनला विचारा

मशीन रात्रभर गळतीची नोंद ठेवतं. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंतची नको असलेली गळती चालण्याजोगी मानतात, त्यापुढे गेली की मास्ककडे बघायचं. इतर कंपन्यांचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यांची तुलना करू नका. रोजचा आकडा आणि त्या रात्री कोणत्या कुशीवर जास्त झोपलात, हे आठवडाभर वहीत लिहा. एकाच कुशीला गळती होत असेल तर उशी आणि त्या बाजूचा पट्टा बघा. दोन्हीकडे होत असेल तर मास्कचं माप. आणि आधी चांगला बसणारा मास्क हळूहळू गळायला लागला असेल, तर कुशन थकली आहे. अमेरिकेतली सरकारी आरोग्य विमा योजना, मेडिकेअर, नेझल पिलोच्या कुशन महिन्याला दोन बदलून देते. आपल्याकडे बहुतेकांना हा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, म्हणून सिलिकॉन पिवळं, ढिलं किंवा चिकट झालेलं दिसलं की बदला. अख्खा मास्क घ्यायची गरज नसते, नुसती कुशनही मिळते.

खरेदीला जाताना तीन प्रश्न विचारा. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या मापांच्या कुशन आहेत का? दोन-चार रात्री वापरून बदलून मिळेल का? आणि इथे आडवं पडून, मशीन लावून बघता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाले, तर दुसरं दुकान बघा. हो म्हणाले, तर घरची उशी पिशवीत घालून घेऊन जा.